मापाडी येईपर्यंत

त्या राज्यात शिंगाने झालेल्या जखमेत जेवढ्या बिया मावत, तेवढे शेंगांचे भारे जखमी जनावराला मिळत.

राज्य शेळ्या-बोकडांचे होते. एका अंगाला लाल कडा, दुसऱ्या अंगाला ओढा आणि मधे बाभळींचा लांबच लांब माळ. फार पूर्वी तिथे असा काही कायदा नव्हता. ज्याला शिंग लागे तो कण्हत पडे, ज्याने मारले तो चरायला निघून जाई आणि बाकीचे मान खाली घालून पाला ओरबाडत राहत. पुढे एका म्हाताऱ्या राणीला हे पाहवेना. ती म्हणाली, शिंग एकाचे असले तरी कळप सगळ्यांचा आहे, तेव्हा त्या जखमेची झळ सगळ्यांनी थोडी थोडी सोसावी. त्या दिवसापासून झाडावरून गळून पडलेली शेंग कोणी तोंडात घ्यायची नाही असे ठरले. झाडावरचा पाला ज्याच्या त्याच्या खुरांचा, आणि पडलेली शेंग कोठाराची. कोठार कड्यातल्या गुहेत होते. गाढवे माळावर फिरून शेंगा गोळा करीत, तिथे नेऊन भरीत, आणि ज्याचे माप झाले असेल त्याच्या दारी भारे आणून टाकीत.

माप घेण्याचे काम बगळ्यांकडे होते. शेळ्यांना शिंगे होती, खूर होते, पण बारीक काम करील असे काही नव्हते. बगळ्याची चोच लांब आणि निमुळती. तो जखमेच्या कडेशी एका पायावर उभा राही, बाभळीची एकेक बी चोचीत धरून आत ठेवी, आणि जखम काठोकाठ भरली की थांबे. मग एकेक बी परत काढून मोजी. एका बीला एक भारा. बगळा नखशिखान्त पांढरा असल्यामुळे तो कोणाच्याच बाजूचा नाही असे सगळे मानत. त्याला मापाडी म्हणत.

मापाडी थोडे होते आणि माळ मोठा होता. शिंग लागल्यापासून मापाडी दारात उभा राहीपर्यंत कधी कधी चंद्र झिजून पुन्हा भरत असे. तोवर जखम जशीच्या तशी राहायला हवी. म्हणून एक रीत पडून गेली होती. घरच्यांनी जखमीच्या भोवती बसायचे, कानांनी आणि शेपटीने माशा वारायच्या, पण चाटायचे नाही. चाटले की जखम मिटते, आणि मिटलेल्या जखमेत बी ठरत नाही. हे लहान करडांनाही ठाऊक असे. आई तळमळत पडलेली असली तर लेकरे तिच्या अंगाशी बसून कान हलवत राहत आणि जीभ दातांमागे ठेवत. या रीतीत काही वावगे आहे असे कोणाला वाटत नसे. परक्या मुलखातला कोणी आला की त्याला आधी कोठार दाखवायला नेत.

ओढ्याच्या बाजूला, कळपाच्या अगदी कडेला, भोरबा नावाचा एक म्हातारा बोकड राहत होता. त्याची शिंगे आखूड आणि मागे वळलेली होती, आणि साऱ्या आयुष्यात त्याने ती पाठ खाजवण्यापलीकडे कशाला वापरली नव्हती. त्याला एकच लेक, कबरी. ती जन्मली त्याच सकाळी तिची आई गेली. ओले, थरथरणारे करडू दगडावर पडले होते. शेजारच्या ढवळाक्का नावाच्या शेळीने त्याला दूध पाजले, पण तिची स्वतःची दोन होती. चाटून कोरडे करायला तिला सवड नव्हती. बोकड कधी लेकरांना चाटत नाहीत. भोरबाने इकडेतिकडे पाहिले, आणि मग मान खाली करून तो चाटू लागला. थरथर थांबेपर्यंत चाटत राहिला.

कळप खूप हसला. "आता थोडे दिवस थांबा, भोरबाला दूधसुद्धा येईल," असे एक जण ओरडला. भोरबाला उत्तरे लवकर सुचत नसत. दुसऱ्या दिवशीही त्याने लेकराला चाटले, तिसऱ्या दिवशीही. पुढे कळपाची हसायची सवय गेली, आणि भोरबाची जीभ आईची आहे, एवढेच म्हणायला उरले.

कबरी मोठी झाली. तिचा जोडीदार मोठ्या कळपाबरोबर दूरच्या कुरणात गेला तो परतला नाही. तो गेला तेव्हा तिच्या पोटात करडू होते.

थंडी संपता संपता एका दुपारी ती ओढ्यावर पाणी पीत होती. झुंजा नावाचा एक दांडगा बोकड त्याच वाटेने खाली उतरला. तिने मान वर करून पाहिले नाही, एवढेच तिचे चुकले, असे नंतर काही जण म्हणाले. झुंजाने चार पावले मागे घेतली, आणि धावत येऊन आपले शिंग तिच्या मागच्या मांडीत घातले. मग त्याने निवांत पाणी प्यायले.

कळपाने झुंजाला ओढ्यापलीकडे हाकलून दिले. त्याच्याकडून वसूल करण्यासारखे काही नव्हते. होती ती शिंगे, आणि ती तो बरोबर घेऊन गेला.

भोरबा धापा टाकत ओढ्यावर आला तेव्हा कबरी ओल्या वाळूत पडली होती आणि तिचे सारे अंग थरथरत होते. रीत भोरबाला ठाऊक होती. दुसऱ्यांच्या जखमींभोवती तो स्वतः कान हलवत बसलेला होता. पण ते थरथरणे त्याने पूर्वी एकदा पाहिले होते. त्याला काही सुचायच्या आधीच त्याची जीभ पुढे झाली.

तो रोज चाटत गेला. आधी रक्त थांबले, मग कडा जवळ आल्या, मग वर एक गुलाबी कातडी धरली. मांडी मात्र आतून जायबंदी झाली होती. कबरी तीन पायांवर चाले, आणि चौथा पाय टेकला की डोळे मिटून घेई. ओढ्याकडे तर ती तोंडही करीत नसे. मग भोरबा सकाळ-संध्याकाळ ओढ्यात गळ्यापर्यंत उतरायचा आणि निथळत परत यायचा. ती त्याच्या दाढीतले, मानेवरच्या केसांतले पाणी चोखून घ्यायची. असे तिचे पाणी पिणे चालले होते.

एके दिवशी ढवळाक्का भेटायला आली. आता तिचेही दात पडले होते, पण बोलणे शाबूत होते.

"बघू गं बाई, किती खोल गेलंय," असे म्हणत ती वाकली, आणि वाकली तशीच राहिली. "अगं, ही तर मिटली!"

"बरी झाली," भोरबा म्हणाला. त्याला जरा बरे वाटले होते.

"भोरबा, तुम्ही चाटलंत?"

"चाटलं."

"रोज?"

"रोज."

"आणि आता उन्हाळ्यात तिला काय घालणार खायला? जीभ?"

कबरी दुसरीकडे पाहत होती.

"अहो, पोटुशी आहे ती," ढवळाक्का आवाज खाली आणून म्हणाली. "खालच्या फांद्या आत्ताच बोडक्या झाल्यात. वरचा पाला खायचा तर मागच्या पायांवर उभं राहावं लागतं. हिला उभं राहता येतंय का? तुम्हाला येतंय का? बाळंत झाली की दूध कुठून आणायचं तिनं, दगडातून? चांगली खोल जखम होती. सगळा उन्हाळा निघाला असता हो तिच्यावर."

एवढे बोलून तिलाच वाईट वाटले. तिने कबरीच्या मानेला मान घासली आणि ती निघून गेली.

भोरबाला सगळे कळत होते. आपण जे केले ते चुकले का, हे मात्र त्याला कळत नव्हते. तो विचार करू लागला की त्याला ती ओली वाळू दिसे, आणि विचार तिथेच थांबे.

मापाडी आला तो एका उजळ सकाळी. पंख मिटून, मान सरळ करून तो दारात उभा राहिला. त्याचे वागणे अगदी अदबीचे होते.

"काटा की शिंग?" त्याने विचारले. तो सगळीकडे आधी हेच विचारत असे. काट्याच्या जखमेला कोठारातून काही मिळत नव्हते.

"शिंग," कबरी म्हणाली.

"कोणाचं?"

"झुंजाचं."

"तू वाट का सोडली नाहीस?"

"मी पाणी पीत होते."

"बरोबर. पण वाट का सोडली नाहीस?"

कबरीने बापाकडे पाहिले. मापाड्याच्या विचारण्यात राग नव्हता. हा प्रश्नही तो सगळ्यांना विचारत असे. मग तो मांडीशी गेला. पंखाखालच्या पोतडीतून त्याने एक बी काढली आणि गुलाबी कातडीवर ठेवली. बी घसरून खाली पडली. दुसरी ठेवली, तीही पडली. तिसरी एका लहानशा खळगीत क्षणभर टेकली. मापाड्याने श्वास रोखून तिच्याकडे पाहिले. त्यालाही ती टिकावी असे वाटत असावे.

"एक," तो म्हणाला.

"मापाडीबुवा," भोरबा चाचरत म्हणाला, "ती पाण्यावर जात नाही. झोपेत दचकून उठते. मागून कुणाचं पाऊल वाजलं तरी अंग चोरते. ते... तिथं किती बिया मावतात, तेवढं बघा ना."

मापाड्याने वर घेतलेला पाय हळूच खाली टेकवला आणि दुसरा वर घेतला.

"आजोबा, तिथं चोच पोचत नाही," तो म्हणाला.

निघताना तो दारात थबकला. ओढ्यापलीकडे कुठेतरी पाहत तो सावकाश बोलला, "पालवी फुटायच्या आत मी याच वाटेनं परत येणार आहे. जखम उघडी असली, तर माप पुन्हा घेता येतं. कधी कधी जखमा आपोआप पुन्हा फुटतात." मग त्याने पंख उघडले आणि तो उडाला.

संध्याकाळी गाढवाने एक भारा आणून टाकला. "एवढाच?" गाढव आपणहून म्हणाले. "मला वाटलं, चुकून पाठवलं मला." कबरीने तो भारा खाल्ला. सकाळपर्यंत त्यातले एक टरफलही राहिले नव्हते.

ऊन चढत गेले. भोरबा दिवसभर माळावर फिरे. खालच्या फांद्यांची सालसुद्धा कोणी कोणी सोलून नेली होती. तो झाडाच्या बुंध्याला पुढचे खूर लावून मागच्या पायांवर उभा राहायचा प्रयत्न करी. गुडघे लटपटत आणि तो खाली येई. पायाखाली शेंगा पडलेल्या असत, तांबूस, भरलेल्या. त्यांचा वास नाकात जाई. त्या तो ओलांडून जाई. त्या कोठाराच्या होत्या. कुठल्या तरी जखमी जनावराच्या होत्या. आयुष्यभर त्याने त्या ओलांडल्या होत्या, आणि आता खायला तोंड खाली नेले तरी जबडा उघडत नसे. तोंडात दोन-चार काड्या घेऊन तो घरी परते.

कबरीच्या फासळ्या दिसू लागल्या. पोट तेवढे वाढत होते. बाकीचे अंग ते आतून खात असावे असे वाटे.

ढवळाक्का पुन्हा आली. या वेळी ती बाहेरच बसली आणि पुष्कळ वेळ रवंथ करीत राहिली.

"पलीकडच्या वाकड्या बाभळीखाली एक जण आहे," शेवटी ती म्हणाली. "टोकदार शिंगांचा. तो उघडून देतो. खूप जण जातात त्याच्याकडे. शिंग हलकं आहे म्हणतात त्याचं. माप झालं की वाटा घेतो थोडा."

"काय उघडून देतो?" भोरबाने विचारले, आणि विचारता विचारता त्याला कळले.

"मी सांगितलं असं म्हणू नका," ढवळाक्का म्हणाली आणि उठली. "मी पाजलंय तिला, भोरबा. मला काही दगडाचं काळीज नाही."

आत कबरीने सारे ऐकले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी, भोरबा पाण्याने निथळत आला आणि ती त्याच्या दाढीतले पाणी चोखू लागली, तेव्हा मधेच थांबून ती म्हणाली, "आबा, तुम्हीच करा."

"नाही."

"पोटात हलायचं कमी झालंय."

भोरबाच्या दाढीतून पाणी गळत होते.

"त्या दुसऱ्याकडे मला नेऊ नका," ती म्हणाली. "शिंग नुसतं दिसलं तरी माझं अंग गार पडतं. तुमची शिंगं मला शिंगं वाटत नाहीत. तुम्हीच करा."

भोरबा बाहेर गेला. दाराजवळ एक खडबडीत दगड होता. त्यावर तो पाठ घाशीत असे. त्याने त्या दगडावर शिंग घासायला सुरुवात केली. शिंग घासल्याचा आवाज माळावर दूरवर जातो. त्या दिवशी आसपासच्या शेळ्यांनी तो ऐकला आणि कोणी काही विचारले नाही. खाली पडलेल्या शेंगा न खाण्याची जशी रीत होती, तशी काही आवाज न ऐकण्याचीही होती.

तो आत आला. कबरीने तोंड भिंतीकडे केले होते. त्याने त्या गुलाबी कातडीकडे पाहिले. तिची प्रत्येक कड त्याला ओळखीची होती. कुठून ती आधी जवळ आली, कुठे बरेच दिवस ओली राहिली, हे त्याच्या जिभेला ठाऊक होते. त्याने मान वाकवली. मान तशी वाकवायची त्याला सवय होती, म्हणून ती सहज वाकली.

कबरी ओरडली नाही. तिने भिंतीला दात लावले होते. त्या मातीवर दातांच्या खुणा अजून आहेत.

मग तिचे अंग थरथरू लागले. भोरबाची जीभ बाहेर आली. त्याने ती परत आत घेतली आणि दातांमागे घट्ट दाबून धरली. तो तिच्या अंगाशी बसला आणि कान हलवू लागला. मापाडी यायला अजून किती दिवस आहेत हे त्याला माहीत नव्हते. माशा येत राहिल्या. तो कान हलवत राहिला. पाणी आणायला तेवढा उठे. त्याच्या आयुष्यात एवढी लांब वाट त्याने कशाचीच पाहिली नव्हती, आणि घरच्या जखमेपाशी बसून काही करायचे नाही हेच काम त्याला पहिल्यांदा पडले होते.

मापाडी आला तेव्हा बाभळीच्या टोकांवर हिरवे ठिपके दिसू लागले होते. तो मांडीशी गेला, वाकला, आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला. ज्या मापाड्याने साऱ्या जन्मात जखमाच पाहिल्या, त्याला शिंगाशिंगातला फरक कळतो. झुंजाचे शिंग लांब आणि सरळ होते. ही जखम आखूड, मागे वळलेल्या शिंगाची होती. घरच्याच शिंगाने झालेल्या जखमेलाही कायद्यात काही मिळत नव्हते.

मापाड्याने मान वर करून भोरबाकडे पाहिले. भोरबाच्या एका शिंगाचे टोक नव्याने घासलेले, पांढुरके होते. भोरबाने ते लपवले नाही. लपवावे हे त्याला सुचलेच नाही.

"काटा की शिंग?" मापाड्याने विचारले.

"शिंग," कबरी म्हणाली.

पुढचा प्रश्न मापाड्याने विचारला नाही. त्याने पोतडी उघडली आणि बिया ठेवायला सुरुवात केली. एक ठेवली, दुसरी ठेवली. कबरीने पुन्हा भिंतीला दात लावले. बिया मावत गेल्या. मापाडी घाई करीत नव्हता आणि उगाच वेळही लावत नव्हता. काठोकाठ भरल्यावर त्याने एकेक बी परत काढली, मोजली, आणि जमिनीवर रचून ठेवली. त्याची चोच आणि मानेची पिसे लाल झाली होती. तो ओढ्यावर गेला आणि पुष्कळ वेळ मान धूत बसला. तिथून परत न येता तसाच उडाला.

आठवडाभर गाढवे येत राहिली. दारात शेंगांचा ढीग लागला. "आता कसं!" म्हणत गाढवाने पाठीवरचा भारा टाकला. "गेल्या वेळी मलाच लाजल्यासारखं झालं होतं." कळपातले कोणी कोणी बघून गेले, आणि राणीचे नाव काढून चांगले बोलले. त्यात खोटे काही नव्हते. कबरीने शेंगा खाल्ल्या, तिच्या अंगावर मांस आले, आणि ऊन सर्वांत कडक असताना तिला एक तांबडे, धडधाकट करडू झाले. तिला दूध भरपूर आले. ते करडू जगले ते त्या शेंगांवरच.

माप झाले त्याच घटकेला भोरबा पुढे झाला होता. आता चाटायला हरकत नव्हती. त्याने मान वाकवून तोंड जवळ नेले, आणि कबरीचे अंग आकसले. तिने तसे मुद्दाम केले नव्हते. भोरबा थांबला, थोड्या वेळाने त्याने पुन्हा मान वाकवली. ती पुन्हा आकसली. जीभ पुढे यायची तर डोके पुढे यावे लागते, आणि डोक्यावर शिंगे असतात.

"राहू द्या, आबा," ती म्हणाली. "भरेल आपोआप."

ती भरली, पण ओबडधोबड. वर कातडी आली ती काळी आणि ओढल्यासारखी. त्यानंतर कबरी स्वतःच ओढ्यावर पाणी प्यायला जाऊ लागली. भोरबाच्या दाढीतले पाणी तिने पुन्हा कधी चोखले नाही. तरीही तो ओढ्यात गळ्यापर्यंत उतरून निथळत यायचा, आणि दाराबाहेर उन्हात उभा राहून वाळायचा.

नव्या करडाला मात्र आजोबाचे फार वेड. ते त्याच्या दाढीला लोंबकळे, त्याच्या पाठीवरून दगडावर उडी मारी. भोरबा त्याला चाटी. कबरी लांबून पाहत असे.

पाऊस येऊन गेला, माळ हिरवा होऊन पुन्हा पिवळा पडला. एका दुपारी करडू खेळून परत आले ते लंगडत. त्याच्या पुढच्या गुडघ्यातून रक्त येत होते. वाटेभर त्याने रडू आवरले होते. आईला पाहिल्यावर त्याला ते आवरेना.

कबरी उठून त्याच्याजवळ गेली. तिने गुडघ्याकडे नीट पाहिले.

"काटा की शिंग?" तिने विचारले.

"आई, दुखतंय."

"दुखणारच. काटा की शिंग?"

करडाने तिच्या तोंडाकडे पाहिले. कोणते उत्तर हवे आहे हे लेकरांना तोंडाकडे पाहून कळते.

"शिंग," ते म्हणाले.

कबरीने त्याला सावलीत बसवले, पाय लांब करून ठेवला, आणि ती त्याच्या अंगाशी बसून कान हलवू लागली. तिचा आवाज मऊ होता, तिची नजर मऊ होती. सावली कुठे सरकेल याचा अंदाज घेऊन ती अशी बसली होती की करडावर ऊन येऊ नये. मधूनच ती मान उंच करून ओढ्यापलीकडच्या आकाशात पाही.

भोरबा उठला. चार पावले चालून तो करडाजवळ आला आणि त्याने मान वाकवली.

"आबा," कबरी म्हणाली. एवढेच.

भोरबा तसाच वाकलेला राहिला. मग तो करडाच्या दुसऱ्या बाजूला खाली बसला. त्याला काय करायचे ते कोणी सांगितले नाही. थोड्या वेळाने त्याचेही कान हलू लागले.

करडाला गुडघा झोंबत होता. त्याने मान वळवली, आणि गुडघ्यापर्यंत पोचेल अशी आपली इवलीशी जीभ बाहेर काढली. मग त्याने आईकडे पाहिले. आईचे कान हलत होते. त्याने आजोबाकडे पाहिले. आजोबाने नजर जमिनीला लावली होती.

करडाने जीभ हळूच आत घेतली, दातांमागे ठेवली, आणि ते आपले लहान लहान कान हलवू लागले.

आकाशात दूरवर पांढरे काहीच नव्हते.